चाळीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली 1969ची रोड रनर: रिस्टोर न करता जपायची आणि चालवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमधल्या एका शेतावरच्या लाकडी शेडमध्ये 1980च्या दशकाच्या मध्यापासून उभी असलेली 1969ची प्लिमथ रोड रनर (क्रायस्लर कंपनीची अमेरिकन गाडी) घेतली आहे. 383 क्युबिक इंचाचं इंजिन, चार गिअर, रंग कारखान्यातला. चाकं जाम आहेत, आत उंदरांनी संसार थाटला होता, इंजिन फिरतं की नाही ते पाहिलेलं नाही. ओळखीचे लोक सांगतात की पूर्ण खोला, रंगवा, नवी करा. मालकाला ती आहे तशी ठेवायची आहे, पण अधूनमधून चालवायचीही आहे. तर सुरुवात कुठून करावी?

तशीच ठेवा. या मॉडेलचे पत्रे, सीटकव्हरं, स्टिकर, बोधचिन्हं सगळं आज नवं मिळतं, त्यामुळे रंगवून चकचकीत केलेल्या रोड रनर हव्या तितक्या दिसतात. पण 1969 साली कारखान्यात कुठला बोल्ट रंगवला आणि कुठला उघडा ठेवला, पत्र्याच्या सांध्यावर सीलर किती ओबडधोबड फासला, डिफरन्शियलवर तपासणाऱ्याने कुठल्या रंगाचा ठिपका लावला, हे फक्त न उघडलेल्या गाडीवरच वाचता येतं. रिस्टोर करणारेही शेवटी अशाच गाड्यांचे फोटो समोर ठेवून काम करतात. सँडपेपर फिरला की ती माहिती कायमची गेली. म्हणून दोन नियम धरा. जे कराल ते परत फिरवता यावं, आणि गाडीतून निघालेला एकही तुकडा टाकून द्यायचा नाही. मूळ भागच वापरायचा, याला अपवाद ब्रेकचं रबर, पेट्रोलच्या नळ्या आणि रस्त्यावर चालवायचे टायर यांचा. तिथे मूळपणाचा मोह धरू नका, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. जुने भाग काढा, पिशवीत घाला, चिठ्ठी लावा आणि नवे बसवा.

हलवण्याआधी

धूळसुद्धा न झटकता फोटो काढा: चारही बाजू, खाली झोपून तळ, बॉनेटखाली प्रत्येक कोपरा, डिकी, सीटखाली. किमान दोनशे तरी हवेत. होजवरचे क्लॅम्प, वायरची वळणं, बेल्टवर छापलेल्या तारखा, हे सगळं नंतर लागतं.

मग ओळख पटवून घ्या. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा नंबर RM21, RM23 किंवा RM27ने सुरू व्हायला हवा. 21 म्हणजे दारामागे खांब असलेली कूपे, 23 म्हणजे बिनखांबाची हार्डटॉप, 27 म्हणजे कन्व्हर्टिबल. पुढचा H म्हणजे 335 हॉर्सपॉवरचं 383, 9 म्हणजे 1969, आणि त्यानंतर A असेल तर गाडी डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यातली. याच नंबरचा शेवटचा भाग इंजिनवर ऑइल पॅनच्या वरच्या कडेला आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. त्या जागेला वायर ब्रश किंवा सँडपेपर अजिबात लावू नका. मिनरल स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं सौम्य सॉल्व्हंट) आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. आकडे घासलेले दिसले की खरेदीदाराला नंबर बदलल्याचा संशय येतो, आणि तो मग जात नाही. बॉनेटखाली डाव्या फेंडरच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवलेली कोडची पट्टी असते, ती जागच्या जागी राहू द्या.

मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये, कार्पेटखाली किंवा ग्लोव्हबॉक्सच्या वर ब्रॉडकास्ट शीट सापडू शकते. गाडीला काय काय बसवायचं ते कामगारांना सांगणारा हा छापील कागद. सापडला तर कोरडा कुरकुरीत असताना उलगडू नका, मोडतो. दोन दिवस जरा दमट हवेच्या बंद डब्यात ठेवा, पाण्याला टेकू देऊ नका, नरम पडला की उलगडा आणि पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला. लॅमिनेशन करायचं नाही.

बाहेर काढताना जाम चाकं फरफटवू नका, प्रत्येक चाकाखाली डॉली घाला. साखळी बंपरला बांधू नका. आणि चाक काढण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या: क्रायस्लरच्या या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या टोकावर बहुधा L असतो. ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. हे माहीत नसलेला माणूस इम्पॅक्ट गन लावतो आणि पाचही स्टड तोडून ठेवतो.

उंदीर आणि ओल

उंदरांची घाण झाडू नका आणि कोरड्या व्हॅक्युमने ओढूही नका. अमेरिकेत डिअर माउसच्या लेंड्या आणि लघवीतून हंताव्हायरस पसरतो. कोरडी धूळ उडाली की तो थेट फुप्फुसात जातो आणि आजार जीवघेणा असतो. दारं उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. P100 फिल्टरचा मास्क आणि रबरी हातमोजे घाला. घरटी आणि लेंड्या एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणाने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग ओल्या कागदी टॉवेलने उचला. ब्लीच रंगावर, क्रोमवर किंवा मूळ कापडावर पडू द्यायचं नाही. अशा ठिकाणी कापडाला चालणारं जंतुनाशक वापरा. हीटरच्या डब्यात, एअर क्लीनरमध्ये, विंडशिल्डखालच्या काउलमध्ये आणि सायलेन्सरमध्येही घरटी असतात. काउलमधला पाचोळा काढल्याशिवाय गाडीवर पाण्याचा थेंब टाकू नका. तिथे साचलेलं पाणी थेट पायाशी उतरतं.

जिथे ठेवणार त्या गॅरेजची फरशी तपासा. सुमारे 45 सेंटिमीटरचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल खालून येते आहे. मग आधी फरशीवर जाड वेपर बॅरिअर (ओल अडवणारं प्लास्टिक), वर गाडी. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत ठेवा. त्याहून खूप कोरडी हवाही वाईट, व्हायनल आणि रबर तडकतं. श्वास न घेणारं प्लास्टिकचं कव्हर नको, सुती घ्या.

इंजिन: किल्लीला हात लावण्याआधी

बहुतेक इंजिनं शेडमध्ये मरत नाहीत. बाहेर काढल्यावर कुणीतरी बॅटरी लावून स्टार्टर मारतो, तेव्हा मरतात. कोरड्या सिलेंडरमध्ये रिंग चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. स्टार्टर त्याला जोराने फिरवतो, पुशरॉड वाकतो किंवा पिस्टनवर ओरखडा उठतो.

आधी ऑइल काढा, पण एकदम नाही. ड्रेन प्लग थोडाच सैल करा आणि पहिल्यांदा काय बाहेर येतं ते पाहा. पाणी जड असल्याने तेच आधी येतं. चमचाभर असेल तर घनीभवन समजा, कपभर आलं तर हेड गास्केट किंवा ब्लॉक तडकल्याची शंका घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलेला असू शकतो. मिशिगनच्या थंडीत रेडिएटरमध्ये नुसतं पाणी राहिलं असेल तर फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) बाहेर ढकलले गेलेत का तेही बघा.

आठही स्पार्क प्लग काढा, क्रमाने लावून ठेवा, प्रत्येक सिलेंडरमध्ये बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून भिंतीचा फोटो घ्या. पातळसा तांबूस थर चालतो, खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी. प्रत्येक सिलेंडरमध्ये सुमारे 30 मिलिलिटर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरून जाम भाग सोडवणारं पातळ तेल) सोडा. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून वापरलं तरी चालतं, पण ते मिश्रण बसल्यावर वेगळं होतं, म्हणून टाकताना हलवत राहा आणि जवळपास ठिणगी नको. आठवडाभर राहू द्या, मधे दोनदा पुन्हा घाला.

मग व्हॉल्व्ह कव्हर काढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब दांड्याने घड्याळाच्या दिशेने फिरवा. हलत नसेल तर पाव वळणही जोर करून घेऊ नका. मागे पुढे अगदी थोडं डोलवा, तेल घाला, दुसऱ्या दिवशी या. फिरू लागलं की मोजून दोन पूर्ण फेरे द्या आणि सोळाही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते डोळ्यांनी पाहा. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, स्टेमवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, पितळी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोका.

आता कोरडा ऑइल पंप तेलाने भरण्याचं काम, आणि या इंजिनात ते फार नीट करावं लागतं. नवा फिल्टर लावा, चार क्वार्ट अधिक फिल्टरचा एक, म्हणजे साधारण 4.7 लिटर झिंक असलेलं ऑइल भरा. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटच्या कॅमला झिंक-फॉस्फरस लागतं, आजच्या गाड्यांच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरची दिशा खुणेने नोंदवा. तो निघाला की खाली दिसणाऱ्या शाफ्टच्या खाचेचीही दिशा खूण करा, मग तो शाफ्ट गिअरसकट वर काढा. खाली 5/16 इंचाचा षटकोनी दांडा घालून हळू वेगाच्या ड्रिलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. प्रेशर सेंडरच्या जागी तात्पुरता यांत्रिक गेज लावलेला असू द्या. काही सेकंदांत ड्रिल जड होतं आणि काटा चढतो.

इथे बरेच जण फसतात. गेजवर दाब दिसतो, पण रॉकर कोरडेच राहतात. कारण हेडकडे जाणारं तेल कॅमच्या चौथ्या बेअरिंगमधून जातं, आणि त्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या कॅमच्या भागातलं भोक ब्लॉकमधल्या वाटेसमोर आलं तरच वर चढतं. म्हणून एकाने ड्रिल चालू ठेवायचं, दुसऱ्याने क्रँक सावकाश फिरवायची. कुठेतरी एका बाजूच्या रॉकरवर तेल पाझरताना दिसेल. तिथे अर्धा मिनिट थांबा, मग दुसरी बाजू येईपर्यंत पुन्हा फिरवा. दोन्ही रॉकर शाफ्ट ओले झाले की हे काम झालं.

टायमिंग चेनकडेही लक्ष द्या. त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांत कॅमच्या गिअरला आवाज कमी यावा म्हणून नायलॉनचे दात असत. ते वयाने ठिसूळ होतात, तुटून पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात. डिस्ट्रिब्युटर पुन्हा बसवलेला असताना टोपी काढा, रोटरवर नजर ठेवा, क्रँक मागे पुढे हलवा. रोटर हलण्याआधी क्रँक बरीच रिकामी फिरत असेल, किंवा काढलेल्या ऑइलमध्ये प्लास्टिकचे कण सापडले असतील, तर चेन आणि गिअर बदला. हा भाग आतला आहे, मूळपणाला धक्का लागत नाही.

हेड काढून अनलेडेड पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट बसवण्याचा सल्लाही मिळेल. वर्षाला काहीशे मैल चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. इंजिनचं कॉम्प्रेशन 10:1 आहे, म्हणून 91 ऑक्टेनचं पेट्रोल घाला, तेवढं पुरे.

पेट्रोल आणि पहिली सुरुवात

जुन्या टाकीतून इंजिन सुरू करायचं नाही. वार्निशसारखा आंबट वास येणारा तो चिकट गाळ कार्ब्युरेटरमध्ये गेला तर व्हॉल्व्हच्या स्टेमवरही बसतो आणि थंड झाल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा अडकतात. टाकी उतरवा. आत फक्त वरवरचा गंज असेल तर चिलेटिंग प्रकारचा (चांगला धातू न खाता फक्त गंज विरघळवणारा) गंजनाशक द्रव भरून ठेवा. आतून लेप देणारे सीलर मला पसंत नाहीत. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते पुढेमागे सुटतात आणि चकत्या होऊन पाइप बुजवतात. टाकी छिद्रं पडण्याइतकी खाल्ली असेल तर नवी बसवा, जुनी जपून ठेवा. रिकाम्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर नेऊ नका, आतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

रबरी नळ्या सगळ्या बदला. 30R9 किंवा त्यावरच्या दर्जाच्या घ्या आणि मूळ स्प्रिंग क्लॅम्प परत वापरा. कार्टर एव्हीएस कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करा, पण सँडब्लास्ट किंवा तीव्र रसायनात बुडवणं टाळा, धातूचा मूळ रंग उडतो. त्यावरचा छोटा धातूचा टॅग हरवू नका.

विजेसाठी थेट बॅटरी जोडायची नाही. निगेटिव्ह केबलच्या मध्ये 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब घाला. सगळं बंद असताना बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी उंदरांनी वायर सोलली आहे. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह फायरवॉलवरच्या कनेक्टरमधून आत जातो, डॅशबोर्डवरच्या अॅमीटरमधून फिरतो आणि परत येतो. तिथल्या टोकांवर गंज चढला की कनेक्टर वितळतो. तो खोलून टोकं साफ करा, अॅमीटरचे नट नीट आवळा आणि बॅटरीला कायमचा कट-ऑफ स्विच लावा.

सुरू करताना पाच लिटरच्या वेगळ्या टाकीतून पेट्रोल द्या. जवळ आग विझवायचं यंत्र ठेवा, शक्यतो कार्बन डायऑक्साइडचं. साधी ABC पावडर आग विझवते, पण ॲल्युमिनियम आणि वायरिंग खाते, म्हणून ती शेवटचा उपाय. हवा यायला-जायला मोकळी जागा हवी. पाच सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर इंजिन बंद करा. गरम झाल्यावर एकदा कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी सिलेंडर सगळ्यात जास्तच्या 75 टक्क्यांखाली असेल तर घाबरून लगेच इंजिन उतरवू नका. काहीशे मैल चालल्यावर रिंग मोकळ्या होऊन आकडे बरेच सुधारतात.

ब्रेक आणि क्लच

पुढे डिस्क ब्रेकचा पर्याय घेतला नसेल तर या गाडीला चारही चाकांना 11 इंची ड्रम असतात. शू गंजून ड्रमला चिकटले असतील. मागच्या फटीतून अॅडजस्टर सैल करा, सेल्फ-अॅडजस्टरची पट्टी आधी स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरा, मग स्टडच्या मधल्या भागावर हातोडीने ठोका. बॅकिंग प्लेटच्या कडेला पट्टीने उचकटू नका, वाकते. धूळ हवेने उडवायची नाही, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडर आतून खड्डे पडलेले असले तरी फेकू नका. मूळ ओतीव भागांना स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून देणारे कारागीर आहेत. लवचीक होज मात्र नवे, कारण ते बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. सगळं रबर नवं असेल आणि लाइन अल्कोहोलने धुऊन कोरड्या केल्या असतील तर सिलिकॉनचं DOT 5 ब्रेक फ्लुइड घाला. ते ओल शोषत नाही आणि सांडलं तरी रंग खात नाही. DOT 3 किंवा DOT 4मध्ये ते कधीही मिसळू नका.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणारच असं समजा. लाकडी पट्टीने पेडल दाबून काही दिवस तसंच ठेवा. त्याने सुटली नाही तर ब्रेक पूर्ण तयार झाल्यावर, मोकळ्या जागेत, गरम इंजिनवर, पेडल दाबून गिअरमध्ये हलके झटके द्या, बहुधा सुटते.

रंग, गंज, आतला भाग

क्रायस्लरचा त्या काळचा रंग भट्टीत भाजलेला ॲक्रिलिक इनॅमल, वर क्लिअरकोट नाही. पॉलिश केलं की फडक्यावर रंगच येतो. म्हणून आधी पेंट गेजने प्रत्येक पत्र्यावर पाच ठिकाणी मोजा. साधारण 75 ते 150 मायक्रॉन मूळ रंगाचे, त्याहून बराच जास्त आकडा म्हणजे नंतर रंगवलेला भाग. कडांवर आणि उभारलेल्या रेषांवर थर सगळ्यात पातळ असतो.

धूळ वाळूसारखी असते. आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्युमने, पत्र्याला न दाबता, ती काढा, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर मुळीच नको. कोरड्या पडलेल्या रंगाला तेल पाजावं लागतं: मेग्वायर्सचं नंबर 7 ग्लेझ टेरीच्या कापडाने भरपूर चोळा, रात्रभर राहू द्या, पुसा, पुन्हा करा. पहिला प्रयोग दाराच्या खालच्या कोपऱ्यात, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. मशीन बफरला आत्ताच हात लावू नका. खपली उडालेल्या जागा टच-अपने भरू नका, गंज हलका पुसून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स लावा, तिथे हवा पोचत नाही आणि कधीही काढता येतं.

बॉनेटखाली साफ करताना फडकं घेऊन सरसकट सुटू नका. फायरवॉलवर खडूने किंवा क्रेयॉनने ओढलेल्या खुणा, स्प्रिंगवर चिकटलेले कागदी टॅग, सांध्यावरचे रंगाचे ठिपके एका पुसण्यात जातात. बीप-बीप वाजणारा तो जांभळा हॉर्नही तसाच. त्यावरच्या ‘व्हॉइस ऑफ रोड रनर’ स्टिकरच्या कडा उचललेल्या असतात, ओलं फडकं लागलं की सालपट निघतं. तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश. तळाला काळा अंडरकोट मारू नका. गंज आत झाकला जातो आणि वाढतच राहतो. लॅनोलिनवर आधारलेलं पारदर्शक तेल पातळ फवारा. डिकीचा तळ, मागच्या फेंडरच्या खालच्या कडा, मागच्या काचेचे खालचे कोपरे आणि टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळया) अडकवलेला आडवा खांब टोचून बघा. शेवटचा खाल्लेला असेल तर तो दुरुस्त करावाच लागेल, कारण पुढचं सगळं सस्पेन्शन त्यावर तोललेलं आहे.

व्हायनलची सीट थंड असताना तिच्यावर बसू नका. गॅरेज 20 अंशांच्या वर गेलं की मगच. डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाने फडकं ओलसर करून पुसा, सिलिकॉनचा चकाकी देणारा फवारा नको. उसवलेली शिवण मूळ भोकांतूनच हाताने घालता येते.

जुने टायर वर्षानुवर्षं उभे राहून आतून सुटलेले असतात, चांगले दिसले तरी रस्त्यावर न्यायचे नाहीत. 14 इंची रिमचा दुसरा संच घेऊन त्यावर नवे टायर चढवा. मूळ टायर-चाकं थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, मेळ्यात दाखवायला बसवा. डिकीतलं स्पेअर चाक बहुतेकदा कधीच खाली उतरलेलं नसतं, ते तर जसंच्या तसं राहू द्या.

दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करण्याची सवय लावून घेऊ नका. त्याने ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये फक्त पाणी साचतं. चालवाल तेव्हा 30 किलोमीटर तरी चालवा, नाहीतर उभीच राहू द्या. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाच्या मेळ्यांत मूळ वैशिष्ट्यं राखलेल्या गाड्यांसाठी एचपीओएफ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. तिथे न्यायची असेल तर काय बदललं, केव्हा बदललं, जुना भाग कुठल्या पिशवीत आहे, याची वही पहिल्या दिवसापासून लिहायला घ्या.